मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर डोळ्याचा फोकस कुठे राहतो? अण्णांच्या दुसऱ्या डोळ्याआधी विचारतेय

साखळीची_लेक
नमस्कार मंडळी. प्रश्न जरा घाईचा आहे म्हणून सरळच लिहिते. आमचे अण्णा ७१ वर्षांचे, निवृत्त प्राथमिक शिक्षक. उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन सहा आठवडे झाले. ऑपरेशन उत्तम झालं, दुखलं खुपलं काही नाही, चौथ्या दिवशी अण्णा अंगणात उभे राहून समोरच्या डोंगरावरची झाडं मोजून दाखवायला लागले. आम्ही सगळे खूश. मग एका संध्याकाळी पोथी घेऊन बसले, पान उघडलं, आणि गप्पच झाले. थोड्या वेळाने म्हणाले, "लागींचें कांयच दिसना गो." जवळचं काहीच दिसत नाही म्हणे.

त्यांना शाळेत असल्यापासून मायनस तीनच्या आसपासचा चष्मा. लांबचं बघायला चष्मा, वाचायचं झालं की चष्मा काढून पोथीशेजारी ठेवायचा, ही त्यांची आयुष्यभराची सवय. म्हणजे वाचायला चष्मा त्यांना कधी लागलाच नव्हता, आणि आता उलटं झालंय. दर श्रावणात आमच्याकडे महिनाभर पोथी लागते, वाडीतली माणसं ऐकायला येतात, वाचतात अण्णाच. पुढच्या महिन्यात डावा डोळा करायचा आहे. तर माझा प्रश्न असा की ऑपरेशननंतर डोळा जवळ-लांब फोकस करायचं बंदच होतो का? कालांतराने सुधारतं का? आणि दुसऱ्या डोळ्याच्या वेळी डॉक्टरांशी नेमकं काय बोलायचं? पहिल्या वेळी आम्हाला कोणी काही विचारलं नाही आणि आम्हीही काही विचारलं नाही.

अस्नोडेकर
ताई, सेम टु सेम. माझ्या आईला टीव्ही लख्ख दिसतो, तांदळातले खडे दिसत नाहीत. वाचत राहतो, कोणीतरी जाणकार लिहा प्लीज.

चष्म्याचं_दुकान_फोंडा
मी ऑप्टोमेट्रिस्ट आहे, म्हणजे डोळे तपासून चष्म्याचा नंबर काढणारी, १९ वर्षं हेच काम करते, त्यामुळे जरा लांब लिहिते, सांभाळून घ्या.

आपल्या डोळ्यात जन्मतः जी लेन्स असते ती मऊ असते. तिच्याभोवती एक स्नायूचं कडं आहे आणि त्या कड्याला ती बारीक धाग्यांनी टांगलेली असते. जवळचं बघायचं झालं की स्नायू आवळतो, धागे सैल पडतात आणि लेन्स आपोआप फुगून गोलसर होते. लांब बघितलं की धागे ताणले जातात, लेन्स चपटी. हेल्महोल्ट्झ नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने १८५५ साली हे मांडलं आणि मूळ कल्पना आजही तीच शिकवतात. दहा वर्षांच्या पोराची लेन्स इतकी लवचीक की पुस्तक नाकापासून चार बोटांवर धरलं तरी वाचतं. चाळिशीनंतर ती कडक होत जाते, म्हणून चाळिशीचा चष्मा. साठीपर्यंत हे फुगणं जवळजवळ संपलेलंच असतं.

म्हणजे ताई, अण्णांची फोकस बदलायची ताकद ऑपरेशनने गेलेली नाही, ती दहा-पंधरा वर्षांपूर्वीच गेली होती. कळलं नाही, कारण मायनस तीनचा डोळा मुळातच ३३ सेंटिमीटरवर स्थिर असतो आणि ते नेमकं पोथीचं अंतर. ऑपरेशनमध्ये गढूळ लेन्स काढून कृत्रिम लेन्स बसवतात. साधी मोनोफोकल असेल तर तिचा फोकस एकाच अंतरावर पक्का. अण्णांच्या उजव्या डोळ्याचा तो लांबवर नेऊन ठेवला. लांबचं मिळालं, जवळचं गेलं.

हिशेब सोपा आहे, १०० भागिले नंबर म्हणजे सेंटिमीटर. मायनस २ ठेवला तर ५० सेंटिमीटरवर स्वच्छ, मायनस अडीच तर ४०, मायनस सव्वा तर ८०. डॉक्टर आधी बायोमेट्री, म्हणजे डोळ्याची मोजणी करून लेन्सची पॉवर ठरवतात, तेव्हाच हा नंबर निवडता येतो. नंतर बदलायचा म्हणजे मग बहुतेक वेळा चष्माच.

बाल्कांव
मला हे पूर्ण पटत नाही. माझ्या आईचं वय ७८, दोन्ही डोळ्यांत साधीच लेन्स, लांबचा नंबर जवळजवळ शून्य. रोज सकाळी चहा घेऊन बाल्कांवात, म्हणजे घरापुढच्या ओसरीवर बसते आणि चष्म्याशिवाय पेपर वाचते. मथळेच नाही, आतल्या बातम्यासुद्धा. शेजारणी बघायला येतात. मग फोकस एकाच ठिकाणी पक्का कसा?

चष्म्याचं_दुकान_फोंडा
दादा, आईंना तोच पेपर संध्याकाळी ट्यूबलाइटखाली वाचायला द्या आणि काय होतं ते इथे लिहा.

बाल्कांव
आत्ताच करून बघितलं. नाही वाचता आला. म्हणाली, "सकाळी वाचलाय तो, आता परत कशाला?" पण खरं म्हणजे अक्षरं दिसत नव्हती, पेपर लांब-जवळ करत होती. कसं ओळखलंत?

चष्म्याचं_दुकान_फोंडा
सकाळच्या उन्हात बाहुली बारीक होते. बारीक भोकातून आलेल्या उजेडात फोकसची चूक कमी जाणवते, त्यामुळे जवळचंही बऱ्यापैकी लागतं. घरच्या घरी करून बघा, पोस्टकार्डाला टाचणीने भोक पाडायचं, चष्मा काढायचा आणि त्यातून वाचायचं, अक्षरं एकदम उठून दिसतात. काहींच्या डोळ्यात थोडा तिरपा नंबर उरलेला असतो, त्याचीही मदत होते. वयाने बाहुली तशीही लहान होत जाते. म्हणून मोनोफोकल बसवलेल्या काही लोकांना चष्म्याशिवाय वाचता येतं. हा खराखुरा फोकस बदलणं नव्हे, लेन्स जागच्या जागी तशीच असते, पण माणसाला उपयोग होतो हे खरं. फक्त त्यावर भरवसा ठेवून बेत आखू नये, कारण तो उजेडावर अवलंबून आहे.

घुमटवाला
त्राटक केल्याने स्नायूला ताकद येते असं ऐकलंय. माझे काका रोज समईच्या ज्योतीकडे बघतात. नवीन लेन्सलाही व्यायामाने वळण लागत असेल की.

दोनापावलकर
घुमटवाला भाऊ, मी डोळ्यांचा डॉक्टर, आता प्रॅक्टिस सोडली. गंमत अशी की स्नायू ऑपरेशननंतरही काम करतच असतो. जवळ बघितलं की तो आवळतो, बाहुली बारीक होते, दोन्ही डोळे आत वळतात, तिन्ही गोष्टी पूर्वीसारख्याच. पण लेन्स आता ॲक्रिलिकची. जुन्या लेन्सच्याच पातळ पिशवीत बसवलेली असली तरी ती फुगत नाही. व्यायामाने स्नायू कितीही बळकट केला तरी टांगलेली वस्तूच वाकणारी नसेल तर काय होणार? पुढेमागे सरकून फोकस बदलेल अशा लेन्सही कंपन्यांनी काढल्या, पण प्रत्यक्षात मिळणारा फायदा थोडा आणि माणसागणिक वेगळा. काकांनी ज्योतीकडे मन शांत करायला जरूर बघावं, चष्म्याचा नंबर घालवायला नको.

साखळीच्या ताईंसाठी: "कालांतराने सुधारतं का" याचं उत्तर दोन भागांत आहे. पहिले काही आठवडे नजर खालीवर होते, बुबुळाला किंचित सूज असते, जखम भरत असते, म्हणून चष्म्याचा पक्का नंबर साधारण चार ते सहा आठवड्यांनी काढतात. त्याआधी घाईने महागडा चष्मा करू नका. पण सहा आठवड्यांनंतर जो फोकस ठरला तो ठरला.

अबोलीची_फुलं
माझी आई म्हार्दोळच्या बाजूची, आयुष्यभर अबोली आणि जायांचे वळेसर, म्हणजे गजरे, करत आली. केळीच्या सोपाचा दोरा, एकेक फूल चिमटीत, अंतर किती तर वीतभर. साठीत तिला प्लस अडीचचा चष्मा होता. मग अडुसष्टाव्या वर्षी एक दिवस म्हणाली चष्मा नको, मला असंच दिसतंय. आम्हाला वाटलं देवीची कृपा, ओटी भरून आलो. दोन वर्षांनी कळलं की मोतीबिंदू आतून घट्ट होत होता आणि त्यानेच डोळा मायनसकडे ढकलला होता. ऑपरेशननंतर ते "परत आलेलं" जवळचं साहजिकच गेलं. आई चार दिवस जेवली नाही धड. तिला वाटलं डॉक्टरांनी काहीतरी बिघडवलं, खरं तर तिची नजर होती तिथेच परत गेली होती. हे कोणीतरी आधी समजावून सांगायला हवं होतं एवढंच माझं म्हणणं.

दोनापावलकर
हे फार महत्त्वाचं लिहिलंत. घराघरांत "म्हातारपणी नजर परत आली" म्हणून आनंद होतो. वयस्कर माणसाने वाचायचा चष्मा आपणहून सोडला तर डोळे तपासून घ्यावेत, मोतीबिंदू असण्याची शक्यता बरीच.

मोपा_टॅक्सी
एवढं सगळं ऐकून मल्टिफोकलचं कोणी का बोलत नाही? मी तीच घातली दोन्ही डोळ्यांत, वय ५९. मोबाइल, मीटर, रस्ता सगळं चष्म्याशिवाय. दिवसा राजा. पण रात्री… पणजीहून पूल चढताना मांडवीतल्या कसिनोच्या बोटी बघाव्यात, एकेका दिव्याभोवती सुदर्शन चक्र. समोरून येणाऱ्या गाडीचे हेडलाइट म्हणजे दोन मोठी कडी. सुरुवातीला भीती वाटायची, आता आठ महिन्यांनी सवय झाली, कडी दिसतात पण डोकं तिकडे लक्ष देत नाही. तरी पावसातल्या रात्री मोपा विमानतळाचं भाडं मी अजून घेत नाही, मुलगा जातो. मला कोणी आधी विचारलं असतं की रात्री गाडी चालवता का, तर मी साधीच घातली असती.

चष्म्याचं_दुकान_फोंडा
मल्टिफोकल लेन्सवर गोल गोल वलयं कोरलेली असतात, येणारा उजेड ती लांब आणि जवळ असा वाटून देतात. एकच भाकरी दोघांत. म्हणून मंद उजेडात कॉन्ट्रास्ट कमी वाटतो आणि दिव्याभोवती कडी. दिवसाउजेडी काम करणाऱ्याला, ज्याला चष्मा अजिबात नको, त्याला ती सुखाची. डोळ्याच्या पडद्यात दोष किंवा काचबिंदू असेल तर सहसा टाळतात.

तिसवाडी_तरुण
माझी केस वेगळी. वय ३८, काजूची फांदी तोडताना डोळ्याला लागली, एका डोळ्यात मोतीबिंदू. तुम्ही म्हणता साठीला ताकद आधीच गेलेली असते, माझी नव्हती गेली हो. ऑपरेशनआधी दोन्ही डोळ्यांनी बिनचष्म्याचं सुई-दोरा करायचो. आता डावा अजून फोकस बदलतो आणि उजवा दगडासारखा एका जागी. मोबाइल बघताना पहिले दोन महिने डोकं दुखायचं. कोणी साधी चाळिशी लागल्यासारखं समजू नका, मला एका सकाळीत वीस वर्षं पुढे ढकलल्यासारखं झालं.

दोनापावलकर
तुमचं बरोबर आहे, तरुण माणसात तोटा खरा आणि अचानक असतो, आणि ते आधी स्पष्ट सांगणं आमचं काम. आता डोकं दुखत नाही ना? उजव्यासाठी वाचायचा नंबर घालून चष्मा केलात का?

तिसवाडी_तरुण
केला. नवीन चष्म्याने बरंच बरं आहे.

शिरोड्याची_नात
जरा विषयांतर करते. आमच्या पणजीआजीचं ऑपरेशन झालं तेव्हा आत लेन्स बसवतच नव्हते. बाटलीच्या बुडासारखा जाड चष्मा, त्यातून तिचे डोळे केवढे मोठे दिसायचे, आम्ही पोरं घाबरायचो. आई सांगते की ती चहा ओतायला गेली की कपाच्या बाहेर सांडायचा, सगळं तिला जवळ आणि मोठं दिसायचं. चष्मा उतरवला की समोर कोण आलंय तेही कळायचं नाही.

दोनापावलकर
तो साधारण प्लस दहाचा चष्मा. त्यातून वस्तू जवळपास पाव पटीने मोठी दिसते, म्हणून कप चुकायचा. डोळ्यातच लेन्स बसवण्याचं पहिलं ऑपरेशन लंडनच्या सेंट थॉमस हॉस्पिटलात हॅरल्ड रिडली यांनी २९ नोव्हेंबर १९४९ ला केलं. युद्धात वैमानिकांच्या डोळ्यांत विमानाच्या प्लॅस्टिकच्या झाकणाचे तुकडे घुसले होते आणि डोळा ते निमूट सहन करत होता, हे त्यांनी पाहिलं होतं. कल्पना तिथून. त्यांच्याच पेशातल्या लोकांनी कित्येक वर्षं त्यांना विरोध केला. आज मऊ लेन्स घडी घालून अडीच-तीन मिलिमीटरच्या छेदातून आत जाते.

अस्नोडेकर
हे वाचून आईला सांगितलं. म्हणाली, मग माझ्या तांदळाच्या खड्यांसाठी पण काहीतरी शोध लावा म्हणावं. :)

चष्म्याचं_दुकान_फोंडा
अस्नोडेकर, लागलाय. वाचायचा प्लस अडीचच्या आसपासचा चष्मा. पण तयार नका घेऊ, नंबर काढून घ्या.

कुडचडेकर
एक स्पष्ट बोलू का? सगळे डॉक्टरांना दोष देताय. ओपीडीत सकाळी शंभर माणसं असतात. माणूस काय काम करतो हे डॉक्टरला कसं कळणार? आपण "लेन्स चांगली घाला" एवढंच म्हणतो. चांगली म्हणजे कशासाठी चांगली ते आपणच सांगायला हवं. माझ्या वडलांच्या वेळी मी कागदावर लिहून नेलं होतं, शिवणकाम करतात, रात्री गाडी नाही, बसमधून फिरतात. डॉक्टरांनी तो कागद फाइलला लावला.

अबोलीची_फुलं
दादा, तुम्हाला लिहायला सुचलं. माझ्या आईला "तुमचा फोकस कुठे ठेवू" असा प्रश्न असतो हेच ठाऊक नव्हतं. जे ठाऊक नाही ते माणूस विचारणार कसं? दोन वाक्यं त्यांनीच विचारावीत, आमच्या बाजूने तेवढीच अपेक्षा आहे.

कुडचडेकर
हे मात्र मान्य.

साखळीची_लेक
सगळ्यांचे मनापासून आभार. काल एक गोष्ट लक्षात आली ती सांगते. अण्णा देवघरासमोर बसले होते, मी मागून बघत होते. उजव्या डोळ्यावर तळहात ठेवून डाव्याने पोथी वाचत होते! जुना मायनसचा डोळा, मोतीबिंदू असलेला, पण पान नाकाजवळ घेऊन वाचता येतंय. सहा आठवडे ते असंच करत होते आणि आम्हाला सांगितलं नव्हतं, म्हणे पोरांना वाईट वाटेल. मला रडूच आलं.

मग टेप आणली. पोथी लाकडी स्टँडवर, अण्णा मांडी घालून ताठ बसलेले, डोळ्यापासून पानापर्यंत ५२ सेंटिमीटर. पुढे वाकून बसले की ४५. पूर्वी त्यांना ३३ वर स्वच्छ दिसायचं म्हणजे ते कायम वाकूनच वाचत होते, मान दुखायची ती त्यामुळेच का काय. आता डाव्या डोळ्यासाठी काय सांगू? डावाही लांबचाच केला तर?

चष्म्याचं_दुकान_फोंडा
डावाही शून्य केला तर दोन्ही डोळे सारखे, लांबचं उत्तम, वाचायला कायम चष्मा. सरळसोट मार्ग, त्यात चूक काही नाही. दुसरा मार्ग, डावा मुद्दाम थोडा मायनस ठेवायचा, म्हणजे उजव्याने लांबचं आणि डाव्याने जवळचं. बऱ्याच जणांचा मेंदू ते सहज जुळवून घेतो, काहींचा नाही घेत. पण फार फरक ठेवला तर खोलीचा अंदाज आणि जिन्याच्या पायऱ्या यांत त्रास होऊ शकतो. सध्या अण्णांच्या दोन डोळ्यांत तीनच्या वर फरक आहे, एवढा चष्म्याने भरून काढला तर दोन चित्रं लहानमोठी दिसतात, म्हणून दुसरं ऑपरेशन फार लांबवू नका.

मायनस पावणेदोन ठेवला तर नेमका बिंदू ५७ सेंटिमीटरवर येतो, आणि थोडी ढिलाई दोन्ही बाजूंना मिळते, म्हणजे ४५ पर्यंतही बहुतेक वाचता येईल. फार बारीक छपाईला मग साधा चष्मा. पण हे मी इथे बसून सांगतेय, अण्णांचा डोळा बघितलेला नाही. ५२ आणि ४५ हे दोन्ही आकडे लिहून डॉक्टरांकडे न्या, पोथीच घेऊन जा सोबत. ट्रायल फ्रेम, म्हणजे काचा बदलता येणारी तपासणीची चौकट, लावून आधी अनुभव देता येतो का तेही विचारा.

दोनापावलकर
अगदी हेच. आणि बायोमेट्रीच्या दिवशी घाई करू नका. डोळ्याची लांबी साधारण साडेतेवीस मिलिमीटर असते, तिच्या मोजणीत एक मिलिमीटर चुकला तर नंबर जवळजवळ अडीच-तीनने हुकतो. मायनसवाल्यांचा डोळा लांब असतो, तिथे तर जास्तच जपून. ठरवलेला नंबर पाव-अर्धा इकडेतिकडे होऊ शकतो हे मनात धरूनच ठेवा.

घुमटवाला
त्राटकाचं मी मागे घेतो. काकांना पोस्टकार्डाचं भोक दाखवलं, आता घरभर तेच घेऊन फिरतायत.

मोपा_टॅक्सी
ताई, रंगांचं पण सांगून ठेवा अण्णांना. मला ऑपरेशननंतर निळा रंग एवढा निळा दिसला की वाटलं कोणीतरी आकाश रंगवलंय. जुनी पिवळी झालेली लेन्स गेली ना. घराची भिंत पांढरी आहे हेही तेव्हा कळलं.

साखळीची_लेक
पाच आठवड्यांनी लिहितेय, उशीर झाला. डॉक्टरांकडे पोथी, लाकडी स्टँड आणि टेप घेऊन गेलो. अण्णांनी तिथेच जमिनीवर बैठक मारून दाखवली, बाहेरची माणसं बघत होती. डॉक्टरांनी पहिल्यांदाच खुर्ची जवळ ओढून नीट ऐकलं, ट्रायल फ्रेममध्ये काचा घालून अण्णांना कॉरिडॉरमध्ये चालवलं, मग म्हणाले पावणेदोन ठेवू. नंबर आला मायनस दीड, पाव इकडे झाला. म्हणजे ६६ सेंटिमीटर. मला धाकधूक होती.

परवा श्रावणातली पोथी लागली. अण्णांनी पहिली ओवी वाचायच्या आधी स्टँड दोन्ही हातांनी धरला आणि चार बोटं पुढे सरकवला. ताठ बसले. चष्मा नाही, डोळ्यावर हात नाही. दुसऱ्या पानावर टीप आहे बारीक अक्षरात, तिथे थांबले, खिशातून वाचायचा चष्मा काढला, वाचली, परत ठेवला. उजव्या बाजूला बसलेल्या शेजारच्या काकींना मध्येच म्हणाले, दारात कोण आलंय बघा, पांढरा शर्ट, आमचा भाचा दिसतो. तोच होता.

पायऱ्या उतरताना पहिले आठ-दहा दिवस हात धरला, आता नको म्हणतात. अस्नोडेकर, तुमच्या आईच्या खड्यांचं काय झालं?

अस्नोडेकर
चष्मा झाला. काल तांदूळ निवडताना मला हाक मारून तीन खडे हातावर ठेवले, म्हणाली, हे बघ, हे गेले चार महिने तुम्ही खात होता.